राजाचं नाणं वाचायचं असेल तर आधी त्याने काय बदललं नाही ते बघा

आमच्याकडे देवघरात टाकांच्या शेजारी एक तांब्याचं काळं नाणं पडलेलं असायचं, आजी दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायची आणि सांगायची की हा महाराजांच्या काळचा पैसा आहे, हात धुवून मगच शिवा. मी चौथीत असताना शहाणपणा केला, चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं, अगदी चकचकीत केलं, आणि अक्षरांचे जे काही उंचवटे उरले होते तेही घालवले. आता त्यावर फक्त "पति" एवढंच वाचता येतं, छत्रपतीमधला पति. तर या गाईडची पहिली सूचना तीच, नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राखुंडी तर नकोच. लिहिलेलं जे काही आहे ते वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच आहे आणि आपण नेमकं तेच घासून काढतो.

दुसरं, नाणं बघायचं कसं. समोरून ट्यूबलाईटच्या उजेडात बघाल तर काही दिसणार नाही, सपाट पत्रा वाटेल. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा मारा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा, एका कोनात अक्षरं अचानक वर येतात. ज्या बाजूने आलीत त्या बाजूचा फोटो काढा, मग पाव फिरवून पुन्हा फोटो, असे चार-पाच. नाणं कडेला धरायचं, बोटं तोंडावर नाही. आणि वजन करा, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा घ्या. वजन कशाला लागतं ते पुढे कळेल, कारण राजा अक्षरांत थापा मारू शकतो पण वजनात मारल्या की सराफ लगेच पकडतो.

आता मुद्द्याचं. नाणं म्हणजे राजाची जाहिरात हे सगळेच सांगतात आणि ते खरंय, पूर्वी खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजच्या प्रवचनात, नाव आणि नाण्यावर नाव या दोन गोष्टी झाल्या की माणूस बादशाह झाला असं धरायचे, आपण अजूनही एखाद्या गोष्टीवर "शिक्कामोर्तब" झालं म्हणतोच की. पण जाहिरात आहे एवढं कळून उपयोग नाही, जाहिरातीत माणूस स्वतःबद्दल मोठंमोठं बोलणारच. मी इतक्या वर्षांत एकच युक्ती शिकलोय. नवीन राजाने नाण्यावर काय नवीन टाकलं ते नंतर बघायचं, आधी बघायचं की जुन्या राजाचं काय तसंच ठेवलं. नवीन टाकलेलं असतं ते त्याला लोकांनी काय समजावं वाटतं ते, आणि तसंच ठेवलेलं असतं ते त्याला बदलायची हिंमत झाली नाही ते. राज्य कुठपर्यंत पोचलंय हे दुसऱ्यातून जास्त कळतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या नाशिकचंच आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला, 13,000 च्या वर नाणी, सगळी नहपान नावाच्या क्षहरात घराण्यातल्या राजाची. हे लोक पश्चिम क्षत्रप, शक, गुजरात-कोकण-नाशिक पट्टा यांच्या ताब्यात होता इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. गंमत अशी की त्यातल्या 9,000 पेक्षा जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. म्हणजे शत्रूची नाणी गोळा केली, वितळवली नाहीत, तशीच ऐरणीवर ठेवून वरून आपला ठसा हाणला.

असं एक नाणं कसं वाचायचं ते नीट सांगतो, कारण हे एक जमलं की बाकीची जमतात. नाणं इवलंसं असतं, शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठं, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. मूळ नाण्यावर एका बाजूला उजवीकडे बघणारा राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र आणि भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्या. तीन लिप्या एका बटणावर! ग्रीक अक्षरं आहेत पण भाषा ग्रीक नाही, आपलेच शब्द त्या लिपीत लिहिलेत, जसं आपण मराठी इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतो तसं. मग त्यावर सातकर्णीचा ठसा, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली दोन वर एक, तीन वाट्या पालथ्या घालून रचल्यासारखा, त्याखाली नागमोडी रेघ, लोक तिला नदी म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला अधिकचं चिन्ह ज्याच्या चारी टोकांना गोल, याला नाणेवाले उज्जैन चिन्ह म्हणतात.

आता आडवा टॉर्च मारून बघा. हातोडा सगळीकडे सारखा बसत नाही ना, त्यामुळे डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर डोकावतं. अक्षरशः नाक. कधी कान दिसतो, कधी मानेची रेघ, कधी नव्या अक्षरांच्या मधून जुन्या ग्रीक अक्षराचा एखादा पाय. मी म्युझियममध्ये काचेतून असं एक नाणं पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं मला कळेचना की काय बघतोय, डोंगर आहे का माणूस आहे, आणि मग एकदम नाक दिसलं आणि त्यानंतर नाकाशिवाय दुसरं काही दिसेना.

ब्राह्मी येत नसली तरी घाबरू नका, तीन अक्षरं ओळखता आली तरी काम होतं. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे छपरासारखा कोन किंवा कमान, न म्हणजे उलटा इंग्रजी टी. नहपानाच्या नावात न दोनदा येतो, त्यामुळे दोन उलटे टी थोड्या अंतरावर दिसले की कान टवकारा. सातकर्णीच्या ओळीत असतं "रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस", म्हणजे राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं, तिथे ग ची कमान शोधायची. नाण्यावरच्या ओळीचा शेवट बहुतेक वेळा "स" ने होतो, "चा-ची-चं" असा अर्थ, नाणं अमक्याचं. हा स ओळखीचा झाला की ओळ कुठे संपते ते कळतं.

वितळवून नवीन का नाही पाडली? माझं मत असं की निम्मं कारण साधं आहे, वितळवायला कोळसा लागतो, वेळ लागतो, चांदी थोडी जळते, आणि लढाईनंतर सैन्याला पगार लगेच हवा असतो. पण उरलेलं निम्मं कारण मात्र शुद्ध प्रचार. कालपर्यंत ज्याच्या चेहऱ्यावर बाजार चालत होता त्याच्या तोंडावर माझा डोंगर, हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. नाशिकच्या पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यात सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षी कोरलेला, त्यात मुलाचं वर्णन केलंय की याने क्षहरात वंश निरवशेष केला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा स्थापन केलं, याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. तो लेख वाचायला डोंगर चढून लेण्यात जावं लागायचं आणि वाचणारे मुख्यतः भिक्षू. तीच बातमी नाण्यावर एका हातोड्यात, आणि ती बाजारात फिरणार.

पण माझी युक्ती आठवा, काय ठेवलं? वजन ठेवलं. चांदी ठेवली. नाण्याचा आकार ठेवला. सातवाहनांची स्वतःची जुनी नाणी शिशाची, तांब्याची, मिश्र धातूची, हत्ती-सिंह-झाड असली चित्रं असलेली, त्यावर राजाचा चेहरा वगैरे भानगड नव्हती. नहपानाला हरवल्यावर काय झालं तर सातवाहन स्वतःच चेहऱ्यावाली चांदीची नाणी पाडायला लागले, शत्रूची अख्खी फॉरमॅट उचलली. भडोच-सोपारा या बंदरांतल्या व्यापाऱ्यांना तसल्याच नाण्याची सवय होती, दुसरं काही दिलं असतं तर घेतलं नसतं. युद्ध सातकर्णीने जिंकलं आणि नाण्याच्या डिझाइनमध्ये नहपान जिंकला, असं मी म्हणतो, नाणेवाले मित्र यावर भांडतात.

त्या चेहऱ्यावाल्या सातवाहन नाण्यांत एक मस्त गोष्ट आहे. एका बाजूला प्राकृतात राजाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव दक्षिणेकडच्या द्रविड वळणाच्या भाषेत, "सिरि" च्या जागी "तिरु" सारखं. एकाच नाण्यावर दोन गिऱ्हाईकं. नाण्यावर दोन भाषा दिसल्या की लगेच विचारायचं, दुसरी कोणासाठी? यज्ञ सातकर्णीचं असलं एक चांदीचं नाणं 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणताना सापडलं, भगवानलाल इंद्रजींनी खणला होता तो.

आणि कोरीव लेख आणि नाणं शेजारी ठेवून वाचायची सवय लावा, फार मजा येते. त्याच पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. त्यात तो सासऱ्याला "राजा क्षहरात क्षत्रप नहपान" म्हणतो. क्षत्रप म्हणजे मुळात कुणाच्या तरी हाताखालचा सुभेदार. चांदीच्या नाण्यावर बघा, राजा आहे, क्षहरात आहे, क्षत्रप गायब! जावयाने दानलेखात जे मोकळेपणी लिहिलं ते सासऱ्याने नाण्यावरून हळूच उडवलं. आपल्याकडे कसं व्हिजिटिंग कार्डवर "डेप्युटी" जरा बारीक अक्षरात छापतात, तसंच. याच जावयाने त्या लेखात हिशोबही देऊन ठेवलाय, 70,000 कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे 2,000 सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला 35 कार्षापण, आणि विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेव ठेवलीय दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे ही नाणी नुसती मिरवायला नव्हती, व्याजाबट्ट्याचा खरा बाजार होता आणि त्या बाजाराला राजे घाबरून होते.

नहपानानंतर क्षत्रपांचं दुसरं घराणं आलं, चष्टन-रुद्रदामन वगैरे, त्यांनी पुढे एक सोय करून ठेवलीय आपल्यासाठी, नाण्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, दोघांच्या पदव्या आणि शक वर्ष. अख्खी वंशावळ नाण्यांवरून लावता येते, सातबाऱ्याच्या फेरफारासारखी. इथे बापाचं नाव आणि तिकडे सातवाहनांत आईचं, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. नाण्यावर नातं कोणतं सांगितलंय ते नेहमी टिपून ठेवा, कारण ज्या नात्याने गादीवर हक्क पक्का होतो किंवा वजन वाढतं तेच नातं लिहितात. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यात पहिला चंद्रगुप्त आणि राणी कुमारदेवी समोरासमोर उभे आहेत आणि मागच्या बाजूला "लिच्छवयः", म्हणजे सासरवाडीचं नाव! लिच्छवी जुनं नावाजलेलं कुळ, गुप्त तेव्हा नवखे, आणि मुलगा समुद्रगुप्त सुद्धा अलाहाबादच्या स्तंभावर स्वतःला लिच्छवींचा दौहित्र म्हणवतो. सासरच्या नावावर मिरवणारा जावई आपल्याकडे चेष्टेचा विषय, तिकडे साम्राज्य उभं राहिलं.

गुप्तांवर हीच युक्ती लावून बघा. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांत अश्वमेधाचा घोडा आहे, वीणा वाजवणारा राजा आहे, सगळं अस्सल आपलं वाटतं, आणि मग जे सगळ्यात नेहमीचं नाणं आहे त्यात राजा अग्निकुंडापाशी उभा आहे तो कसा तर गुप्तांच्या आधीच्या, मध्य आशियातून आलेल्या कुषाण राजांसारखा कोट आणि पायजमा घालून. उत्तर भारताचा हा राजा आणि कपडे मध्य आशियाचे. कारण सोनं म्हटलं की बाजाराच्या डोळ्यासमोर कुषाणांचंच नाणं यायचं. मग पुढच्या नाण्यांत हळूहळू पायजमा जातो, सिंहासनावरची परदेशी देवी कमळावर बसून लक्ष्मी होते, असं करत करत ते नाणं गुप्तांचं होतं. हे फोटो ओळीने लावून बघा कधी, कुठल्याही म्युझियमच्या साइटवर मिळतील.

दुसऱ्या चंद्रगुप्ताने तर कमालच केली. त्याने पश्चिम क्षत्रपांना संपवलं, गुजरात-माळवा घेतला, आणि त्यांचंच चांदीचं नाणं चालू ठेवलं. चेहरा तसाच. चेहऱ्याभोवतीच्या ग्रीक अक्षरांचे तुकडे, ज्यांना तोपर्यंत कोणालाच अर्थ लागत नव्हता, तेही तसेच. मागे फक्त डोंगर काढून गरुड बसवला आणि स्वतःची पदवी लिहिली, परमभागवत महाराजाधिराज. नुसता लोगो बदलला. आणि मुलगा कुमारगुप्त गंगेकडे तसलीच चांदीची नाणी पाडायला लागला तेव्हा तिकडे गरुडाऐवजी मोर. कुठल्या भागात कुठला पक्षी हे बघून नाणं कुठल्या बाजारासाठी होतं ते ओळखता येतं, ही युक्ती लक्षात असू द्या.

मधली हजार वर्षं मी सोडतोय कारण त्यात माझा अभ्यास कमी, पण मुहम्मद तुघलकाचं एक सांगायलाच हवं. 1330 च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावात चालवायचा हुकूम काढला, दौलताबादच्या टाकसाळीतही ती पडली. त्यावर लिहिलं की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. चांदीच्या नाण्यावर एवढी विनवणी करायची गरज पडत नाही हो! हा एक ठोकताळा धरा, धातू जितका हलका तितकं लिखाण भारी. लोकांनी घराघरात नकली नाणी पाडली आणि शेवटी सुलतानाला ती चांदी देऊन परत घ्यावी लागली.

आता शिवराई, महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. यात मात्र माझी युक्ती उलटी लागते आणि म्हणूनच हे नाणं मला एवढं आवडतं. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा आजूबाजूला विजापूर, गोवळकोंडा, मुघल, सगळीकडे फारसी-अरबी लेखांची नाणी. त्यात हे नाणं आलं, एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र / पति". भोवती ठिपक्यांची कड. बस. देवनागरी, चार शब्द, ना पदव्यांची माळ ना कुणा बादशहाचं नाव. जुन्याचं काय ठेवलं शोधायला जाल तर नाण्याच्या तोंडावर काहीच सापडत नाही. सोन्याचा होन त्याच मजकुराचा, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि इथे सापडतं ते ठेवलेलं, होन हे दक्षिणेतलं जुनं रुळलेलं माप, विजयनगरापासूनचं, त्याला हात लावला नाही. मजकूर नवा, माप जुनं.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता, त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत. त्यावर उत्तर काय मिळालं तर कुठलंही नाणं चालायला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही, धातू आणि वजन इतरांच्या तोडीचं असेल तर चालेल. नाण्याचा प्रचार कुठे संपतो आणि काटा कुठे सुरू होतो हे यापेक्षा नीट कोणी सांगितलेलं मला माहीत नाही.

शिवराई ओळखताना एवढं लक्षात ठेवा. पूर्ण शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम, ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा त्यामुळे पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचित दिसतो, "श्री" अर्धी कापलेली, "शिव" मधला व बाहेर, असं चालतं, उलट सगळी अक्षरं मधोमध छान बसलेली दिसली तर मला आधी शंका येते. "सिव" असंही लिहिलेलं असतं, ते चूक म्हणून टाकून देऊ नका. आणि बहुतेक शिवराया महाराजांच्या स्वतःच्या काळच्या नाहीत, पुढे साताऱ्याच्या आणि पेशवाईच्या काळातही त्याच मजकुराची पाडत राहिले, त्यातल्या ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या दुदांडी शिवराया सगळ्यात जास्त मिळतात. आजीचं नाणं त्यातलंच निघालं. मला थोडं वाईट वाटलं, मग वाटलं की माणूस जाऊन शंभर वर्षं झाली तरी त्याच्याच नावाने पैसा चालतोय, ही तर त्या नाण्याची सगळ्यात मोठी बातमी आहे.

आणि मग पेशवाईचा रुपया बघा, डोकं चक्रावतं. अंकुशी रुपया, पुण्याच्या टाकसाळीचा, त्यावर अंकुशाची छोटी खूण, आणि बाकी सगळा मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलमचं! पेशव्यांचं नाव नाही, छत्रपतींचं नाही. तांब्यावर शिवाजी महाराज, चांदीवर मुघल बादशाह. शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं मला. कारण पुन्हा तेच, तांब्याचा पैसा गावातल्या गावात फिरतो, मीठमिरची घ्यायला, पण चांदीचा रुपया सुरतेपासून बनारसपर्यंत जायचा आणि तिथला सराफ ओळखीचं नाव नसेल तर बट्टा लावायचा. "नावाला बट्टा लागला" म्हणतो ना आपण, ते इथूनच, बट्टा म्हणजे नाणं बदलताना कापलेली रक्कम. त्या शाह आलमला दिल्लीत गादीवर टिकवून धरणारा माणूस महादजी शिंदे, तरी नाण्यावर नाव शाह आलमचं. नाण्यावरचं नाव म्हणजे सत्ता असं धरून चालाल तर अठराव्या शतकात पार फसाल.

कंपनीने तर हा खेळ सर्वात थंड डोक्याने खेळला. बंगालमध्ये त्यांचे रुपये शाह आलमच्या नावाचे, आणि त्यावर वर्ष कायम त्याच्या राज्याभिषेकाचं 19 वं, वर्षानुवर्षं 19 च. का, तर नाणं जुनं झालं की सराफ बट्टा लावायचा, म्हणून वर्ष गोठवूनच टाकलं, नाणं म्हातारंच होत नाही. मद्रासकडे सोन्याच्या पॅगोड्यांवर (होनाला इंग्रज पॅगोडा म्हणायचे) विष्णूची मूर्ती, कारण तिकडे होनांवर देव असायचे. मग 1835 ला एकदम पडदा उघडला, सगळीकडे एकच रुपया, त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं, नावापुढे चार उभ्या रेघा. पण वजन करा बरं, 11.66 ग्रॅम, एक तोळा. आणि मागच्या बाजूला इंग्रजीबरोबर फारसीत एक रुपया. म्हणजे तेवढं तरी सोडवेना. 1840 ला व्हिक्टोरिया क्वीन, 1877 पासून व्हिक्टोरिया एम्प्रेस, हा फरक एका शब्दाचा आहे आणि घराघरातल्या डब्यात सापडणाऱ्या नाण्यांत तो बघता येतो, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, स्वस्त आणि वाचायला सोपं.

प्रचार फसतो कसा त्याचा नमुना 1911 चा. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हाराच्या पदकात हत्ती होता, पण नाण्यावर तो इतका बारीक आला, सोंड आखूड, की लोक म्हणाले हा तर डुक्कर. ओरड झाली, नाणं मागे घ्यावं लागलं, आणि 1912 पासून हत्ती नीट दिसेल असा नवा ठसा. डुक्कर रुपया म्हणून तो आजही महाग विकतात.

खोट्या नाण्यांबद्दल. मी स्वतः एका जुन्या बाजारात "शिवकालीन होन" घेतलाय, विकणाऱ्याने आजोबांची शपथ घेतली होती, घरी येऊन काट्यावर टाकला तर साडेचार ग्रॅमचं सोन्याचं पाणी दिलेलं पितळ. काटा खिशात असता तर शपथ ऐकावी लागली नसती. शिवाजी महाराजांचा चेहरा असलेलं नाणं कोणी दाखवलं तर नमस्कार करा आणि पुढे चला, त्यांच्या नाण्यांवर चेहरा नाही. राजमुद्रेचा "प्रतिपच्चंद्रलेखेव" हा श्लोक पत्रावरच्या शिक्क्याचा आहे, नाण्यावर आला की समजून जा. आणि ते राम-सीता-हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनी 1818 अर्धा आणा, तांदूळ ओढतं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं, ते नाणंच नाही, जत्रेतला बिल्ला आहे, कंपनीने असलं काही पाडलेलं नाही, लाखाला वगैरे घेऊ नका हो. ओतीव नकलेत कडेला चारी बाजूंनी बारीक शिवण दिसते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, हातोड्याने पाडलेल्या नाण्यात ती नसतात.

शेतात किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर तो आपोआप तुमचा होत नाही, 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जोगलटेंभीची नाणी सगळी एकत्र बघायला मिळाली म्हणून तर कळलं ना की किती ठोकलेली आणि किती मूळ, वाटून घेतली असती तर नुसती चांदी राहिली असती. आणि शंभर वर्षांपूर्वीचं नाणं परदेशी राहणाऱ्या भावाला कुरिअरने पाठवू नका, पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

प्रत्यक्ष बघायला मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच, आणि नाशिकला जाणार असाल तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिचंही संग्रहालय आहे. माझा सल्ला, आधी सकाळी पांडवलेणी चढा, तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यातले लेख बघा, बलश्री आणि उषवदात, मग खाली येऊन नाण्यांकडे जा, उलट क्रमाने मजा निम्मी होते.

आणि घरातल्या डब्यात काही सापडलं आणि कोणाला विचारायचं असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो, आडव्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि वजन ग्रॅममध्ये. नुसता हळदकुंकू लावलेल्या नाण्याचा फोटो पाठवून "याची किंमत किती" विचारलं की जाणकार माणूस उत्तर देत नाही, मी पण देत नाही.